माणसं आणि सामान मिळून

ईली, नेवाडा
१४ जुलै २०१६

प्रिय लेलंड,

झालं बाबा एकदाचं! घर गेलं. काल सह्या केल्या. घेणारे नवरा-बायको चांगले आहेत, पण स्वयंपाकघराला निळा रंग देणार म्हणे. देवोत. पंधरा ऑक्टोबरला किल्ल्या हातात द्यायच्या, त्यानंतर तुझ्या बहिणीला डोक्यावर छप्पर नाही. म्हणजे आपलं जे छप्पर असेल तेच.

मर्ल गेल्याला वर्ष होऊन गेलं. या घरात मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते आणि कशाला आले तेच विसरते. म्हणून सांगते, फेब्रुवारीत तू जे बोललास ना, की माझा ट्रक, तुझा कॅम्पर, हिवाळाभर ऍरिझोनाच्या उन्हात पडून राहू, त्या एका वाक्यावर मी पाच महिने काढलेत. आता मागे फिरायचं नाही हं.

कॅम्परची माहितीपत्रकं मागवलीत. टेबलावर ढीग पडलाय. पिकअपच्या पाठीवर ठेवायचं घर ते केवढंसं, पण प्रकार किती! तीन कॅम्परवर नजर आहे. ग्रेलॉक सगळ्यात महाग, अडतीस हजार डॉलर. रेडबट सत्तावीस, आणि त्यात संडास-बाथरूम, दाराला आतून कडी. तिसरा विंडल, एकोणीस हजार. त्याचं छप्पर छत्रीसारखं वर उचलायचं आणि बाथरूमच्या नावाने शून्य. मी तुला आत्ताच सांगून ठेवते, माझी एकच अट आहे: कडी. चाळीस वर्षांच्या संसारात मर्लच्या शिकारीच्या तंबूंत झुडपामागे बसले. सहासष्टाव्या वर्षी बर्फात बसणार नाही.

आता काम ऐक. डीलर म्हणतो, आधी ट्रकचा आकडा आणा. ड्रायव्हरचं दार उघडलं की कडेला आत एक पट्टी चिकटवलेली असते, त्यावर लिहिलेलं असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांवर जाता कामा नये. तो आकडा उतरवून पाठव. फोन करू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि येतं तेव्हा तू ऐकत नाहीस.

घाटात स्टिअरिंग तू धर. मी डोळे मिटून बसेन.

तुझी,
गार्नेट


डार्बी, मोंटाना
२६ जुलै

गार्नेट,

घराचं वाचलं. एवढ्या लवकर गिऱ्हाईक मिळेल असं वाटलं नव्हतं. बरं झालं, असंच म्हणायचं.

रेडबटच्या नादी लागू नकोस. आतून लाकडी सांगाडा असतो. छपराच्या कोपऱ्यात सुईएवढी फट पडली की पाणी आत, आणि दोन हिवाळ्यांत लाकूड भिजल्या पावासारखं होतं. बोटाने दाबलं की आत जातं. आमच्या इथल्या एकाने घेतला होता. आता त्यात कोंबड्या राहतात.

आणि माहितीपत्रकातल्या वजनावर जाऊ नकोस. ते कोरडं वजन असतं. पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी नाही, आणि तू नाहीस. तुझं तर सोड, तुझी बिडाची कढईच धरलेली नसते. छापतात सव्वीसशे, काट्यावर चढवला की एकतीसशे भरतो. त्यावर लोक फसतात, आणि मग उतारावर ब्रेकचा वास यायला लागतो.

परवा शेजारचा हॅस्कल मला त्याच्या ट्रकमधून गावात घेऊन गेला होता, तेव्हा पोस्टात आईची आठवण आली. बाबा मेंढ्या कातरायला रानोमाळ, पत्ता कुठला असणार? ती बिनधास्त लिहायची, सॅमनच्या पोस्टात ठेवून घ्यावे. जाता-येता उचलतील म्हणायची, सॅमन गाव सगळ्यांच्याच वाटेत आहे. आणि ते उचलायचेच. आता हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

इकडे गवताची कापणी चालू आहे. धूळ फार. तुझं कंबरेचं कसं आहे?

लेलंड


ईली
६ ऑगस्ट

लेलंड,

कंबर ठीक आहे. आकडा कुठाय?

धूळ, मेंढ्या, कोंबड्या, सगळं आलं पत्रात, एक आकडा तेवढा आला नाही. दार उघडायचं, वाकायचं, वाचायचं. तुला काय ट्रकची बाळंतपणं करायची नाहीत.

मी बसने ट्विन फॉल्सला जाऊन आले. डीलरच्या आवारात तिन्ही जातींचे कॅम्पर शेजारी शेजारी चार-चार पायांवर उभे होते. मी प्रत्येकात चढले, बूट काढून बिछान्यावर आडवी झाले, डोळे मिटून पडले. डीलर बाहेर खाकरत उभा. खाकरू दे! सत्तावीस हजार मागतोस तर झोपून बघू दे की.

ग्रेलॉक म्हणजे राजवाडा. दोन साच्यांतून काढलेला, अंड्यासारखा, शिवण एकच. पाणी शिरायला जागा नाही. पण वरच्या बिछान्यावर चढताना माझं डोकं दोनदा आपटलं. रेडबटचा थोरला आणि धाकटा, दोन्ही पाहिले. कोंबड्यांची गोष्ट ऐकून डीलरचं तोंड पडलं, म्हणाला आता कोपरे बदललेत. धाकट्यात बाथरूम इतकं लहान की बसल्या बसल्या हात धुता येतात, पण कडी आहे. मी आत गेले, कडी लावली आणि लेलंड, खोटं वाटेल, मला रडूच आलं. किती दिवसांनी स्वतःचं दार लावलं असं वाटलं. विंडल म्हणजे कापडी भिंतींचा खेळ. हलका आहे, हाताने छप्पर वर जातं, पण वाऱ्याने रात्रभर फडफडणार.

डीलर म्हणतो, थोरला रेडबट तुमच्या भावाचा मागे चार टायरवाला ट्रक हसत उचलेल. पण आकड्याशिवाय तो चढवून देणार नाही. सप्टेंबरअखेर त्याच्या कारागिराची तारीख मिळतेय.

आणि हॅस्कल तुला गावात का घेऊन जातो? तुझा ट्रक काय पूजेला ठेवलायस?

गार्नेट


डार्बी
१७ ऑगस्ट

गार्नेट,

डिझेल परवडत नाही, म्हणून हॅस्कलबरोबर जातो. त्यात काय एवढं.

तू सांगितलंस त्यावर मी विचार केला. ग्रेलॉक चांगला, वादच नाही, पण अडतीस हजार म्हणजे तुझं अर्धं घर गेलं. रेडबटबद्दल मी बोललोच आहे. विंडलमध्ये तू झोपणार नाहीस, मला माहीत आहे. पहिल्या वाऱ्याला मला उठवून बसशील.

मला वाटतं, घाई नको. वसंतात हेच लोक दहा टक्के कमी करतात. जुन्या मालाची जागा मोकळी करायची असते त्यांना. हिवाळ्यापुरती ईलीतच कुणाकडे खोली घे. तुझ्या चर्चमधल्या त्या बाईंची वरची खोली रिकामी आहे ना? एक हिवाळा काय, असा जातो.

हवा बदलतेय. डोंगरावर कालच पांढरं दिसलं.

लेलंड


ईली
२४ ऑगस्ट

लेलंड,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा संताप आला. दुसऱ्यांदा भीती वाटली.

वसंतात? मी घर विकलंय! खुर्च्या गेल्या, मर्लचे कोट वाटून झाले, कपाट शेजारची ओडेसा घेऊन गेली. आणि तू मला सांगतोस खोली घे? कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर, कुणाच्या तरी जिन्यावर पाय न वाजवता हिवाळा काढू?

प्रत्येक कॅम्परमध्ये तू खोट काढतोस. महाग, कुजका, फडफडणारा. आधी वाटलं, म्हातारा चिकित्सक झालाय. आता वाटतं तुला कॅम्परच नकोय. की मी नकोय? तेवढं सरळ सांग. मी फार बोलते, हे मला माहीत आहे. दोघांनी एका पेटीत चार महिने राहायचं म्हणजे थट्टा नाही, हेही कळतं. पण मग फेब्रुवारीत कशाला बोललास? आणि त्याच्याही आधी, गेल्या वर्षी मर्लच्या मातीला तू आलास, मला ट्रकमध्ये मधे बसवलंस, एका बाजूला तू, एका बाजूला तुझा मुलगा, आणि म्हणालास, गार्नेट, तू एकटी नाहीस. मी ते खरं धरलं. माझी चूक झाली का?

डीलरला पाचशे डॉलर दिलेत, थोरल्या रेडबटवर. आता उलट टपाली आकडा आला नाही, तर मी समजेन काय समजायचं ते.

गार्नेट


डार्बी
२ सप्टेंबर

गार्नेट,

असं काही मनात आणू नकोस. तू नको असं कधीच नव्हतं.

पट्टीवरचं सगळं जसंच्या तसं उतरवलंय. माणसं आणि सामान मिळून २१७० पौंडांवर जाता कामा नये. बसायच्या जागा पाच, पुढे दोन, मागे तीन. टायरमधली हवा पुढे साठ, मागे ऐंशी.

आता झालं समाधान?

लेलंड


ईली
१० सप्टेंबर

लेलंड,

कुणाचं दार उघडलंस?

डीलरला आकडा वाचून दाखवला. तो म्हणाला, बाई, मागे चार टायरवाल्या ट्रकला एवढा कमी आकडा असूच शकत नाही, तुमचे भाऊ चुकले असतील. मी म्हटलं, माझा भाऊ असल्या बाबतीत चुकत नाही. भांडले त्याच्याशी. तुझी बाजू घेऊन भांडले, वेड्यासारखी. घरी आले, पत्र परत काढलं आणि मग वाचलं. मागे तीन.

तुझ्या ट्रकला मागची सीट नाही, लेलंड. मी त्यात बसलेय. गियरची दांडी गुडघ्याला लागत होती, मर्लला पुरून येत होतो, तो दिवस मी विसरेन का?

इतक्या नेटकेपणाने खोटं उतरवलंस की हवासुद्धा लिहिलीस. कुणाच्या दाराशी वाकून उभा राहिला होतास, हॅस्कलच्या? त्याला काय सांगितलंस?

ट्रक कुठे आहे? मला आता फक्त तेवढंच सांग. पस्तीस दिवसांनी मी रस्त्यावर येणार आहे. माझ्यापासून काय लपवतोयस ते मला त्याच्या आधी कळायला हवं, की त्यासाठीही वसंताची वाट बघू?

गार्नेट


डार्बी
१७ सप्टेंबर

गार्नेट,

ट्रक नाही. मे महिन्यात विकला.

मिलच्या वळणाशी शाळेची बस थांबली होती, लाल दिवे लावून. मला बस दिसली, मी हळू केलं, पण थांबायला हवं तसं पुरतं थांबलो नाही. डावीकडून एक पोरगी रस्ता ओलांडत होती. ती मला दिसलीच नाही. अंधार नव्हता, धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं आणि ती तिथे नव्हतीच, आणि मग एकदम बंपरपाशी होती. बसवाल्याने भोंगा दाबला म्हणून माझा पाय ब्रेकवर गेला. मध्ये हातभर जागा राहिली असेल. पोरीने माझ्याकडे बघून हात हलवला. तिला वाटलं, मी तिच्यासाठीच थांबलोय.

डॉक्टर म्हणाला, डोळ्यांच्या कडा गेल्यात. मधलं दिसतं, बाजूचं जातं, आणि गेलेलं कळत नाही. त्याच आठवड्यात ट्रक दिला. घरात किल्ली ठेवली असती तर एक दिवस मी चालवला असताच, स्वतःला ओळखतो मी.

तुला तेव्हाच लिहायला बसलो होतो. कागद घेतला, पेन घेतलं. तेवढ्यात तुझं पत्र आलं की घर बघायला माणसं यायला लागलीत, आणि त्यात तू शेवटी एक हसरा चेहरा काढला होतास. तू कधी असलं काही काढत नाहीस. मी म्हटलं, पुढच्या पत्रात सांगू. मग सह्याच झाल्या. मग मी प्रत्येक कॅम्परमध्ये खोट काढत बसलो. वाटलं, कुठलाच पसंत पडला नाही तर गोष्ट आपोआप मिटेल. हॅस्कलला सांगितलं, टायरची हवा बघायचीय. तो दार उघडून देऊन बाजूला उभा राहिला.

लाज वाटते, गार्नेट. दुसरा शब्द नाही.

आता पुढचं. मुलाने हॅमिल्टनच्या वृद्धाश्रमात माझं नाव घातलंय. एक नोव्हेंबरला खोली मिळेल. मी हो म्हटलंय. तू पाचशे डॉलर परत घे आणि त्या बाईंची खोली घे. माझ्या या झोपडीत दोन माणसं वळू शकत नाहीत, आणि तीही ऑक्टोबरअखेर सोडायची आहे.

शिव्या द्यायच्या असतील तर दे. पण लिही.

लेलंड


डार्बी
३ ऑक्टोबर

गार्नेट,

दोन आठवडे झाले. रोज पोस्टात जातो. म्हणजे हॅस्कल जातो, मी शेजारी बसतो. पोस्टातली बाई आता मला बघितलं की आधीच मान हलवते.

तू गप्प बसलीस की मला सुचत नाही. लहानपणी तू रागावलीस की ताटं आपटायचीस, मला ते परवडायचं. हे परवडत नाही. चार ओळी टाक. एक ओळ टाक. राहायची सोय झाली का, एवढंच कळव. मी तुझ्याकडे काही मागत नाही.

लेलंड


डार्बी
१७ ऑक्टोबर
(गार्नेट हिला, सॅमनच्या पोस्टात ठेवून घ्यावे)

गार्नेट,

माझं तीन तारखेचं पत्र परत आलं. वर पोस्टाचा शिक्का, इथे राहत नाही. ते हातात घेऊन तसाच हॅस्कलकडे गेलो.

हॅस्कलने तुझ्या शेजारच्या ओडेसाला फोन लावला. ती म्हणाली, घर मागच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच रिकामं झालं, आणि गार्नेट एका पांढऱ्या ट्रकमध्ये बसून गेली, पाठीवर काहीतरी पेटी होती. कोण चालवत होतं, असं मी हॅस्कलला तीनदा विचारायला लावलं. ती तीनदा म्हणाली, गार्नेट. उत्तरेला वळली.

अगं, डोकं फिरलंय का तुझं! तू आयुष्यभर वाणसामानापलीकडे गाडी नेली नाहीस! उत्तरेला वळलीस तर ९३ नंबरचाच रस्ता, आणि त्यावर लॉस्ट ट्रेलचा घाट. तिथे काल फूटभर बर्फ पडला. आमच्या बाजूला उतार असा आहे की भरलेले ट्रक धुरकटत खाली येतात. मी तीस वर्षं त्या घाटातून लाकूड उतरवलंय, मला तिथे घाम फुटायचा.

तू कुठे आहेस ते मला ठाऊक नाही. आई करायची तेच करतोय. हे पत्र तुला मिळालं तर सॅमनमध्येच थांब. तिथून परत फिर. परत फिरणार नसशील, आणि तू फिरणार नाहीस, तर नीट वाच. कॅम्परला बांधलेल्या साखळ्यांचे आटे पहिल्या पन्नास मैलांत सैल पडतात, उतरून प्रत्येक हाताने घट्ट कर. पाण्याची टाकी भरून घाट चढू नकोस. माथ्यावर थांब. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गियर टाक, नंतर नव्हे. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. दाब, सोड, दाब, सोड. मागे कितीही गाड्या खोळंबल्या तरी खोळंबू देत, कुणी भोंगा वाजवला तर त्याच्या आईला माझा नमस्कार सांग. वारा डावीकडून येईल आणि पेटी डोलेल. घाबरून स्टिअरिंग झटकू नकोस.

आणि येतेस ती कशासाठी? मी तुझ्या काय कामाचा? मला चालवता येत नाही, डावीकडचं दिसत नाही, नकाशा नाकाला लावून वाचतो. आयुष्यभर मर्लचं केलंस, आता हे लोढणं गळ्यात घेऊ नकोस. तुझा हिवाळा तू उन्हात काढ. मी हॅमिल्टनला ठीक राहीन. तिथे जेवणाला घंटा वाजवतात म्हणे.

फक्त पोहोचलीस कुठेतरी, एवढं कळव.

लेलंड


सॅमन, आयडाहो
२२ ऑक्टोबर

प्रिय लेलंड,

पोस्टाच्या खिडकीत नाव सांगितलं, आणि त्या माणसाने हात मागे नेऊन पत्र पुढे ठेवलं. तिथेच उभ्याने वाचलं. तो विचारत होता, बाई, बसता का. बसले.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर शिव्याच लिहिल्या असत्या. तुझ्या पत्रावर मी आठवडाभर जळत होते. बहिणीला घर विकू दिलंस! मला राग आहे अजून, तो भेटल्यावर देते. पण रोज रात्री त्या पोरीचा हलवलेला हात डोळ्यापुढे यायचा. तू त्याच आठवड्यात ट्रक दिलास. मर्लने दिला नसता. मर्ल म्हणाला असता, पोरं हल्ली बघून चालत नाहीत. तर एका खोटेपणातून मी एक खरेपणा वजा केला. हिशेब अजून पुरता मिटलेला नाही.

आता नीट ऐक, कारण तू म्हणायचास, लोक आधी कॅम्पर घेतात आणि मग ट्रक बघतात, तिथेच चुकतात. मी आधी ट्रक घेतला. वापरलेला, पांढरा, थोडा पोचा आलेला. घ्यायच्या आधी दार उघडलं, वाकले आणि पट्टी स्वतः वाचली. माणसं आणि सामान मिळून २६१० पौंड. मागची सीट नाही, मी मान आत घालून खात्री केली.

ओडेसाच्या मुलाने खाणीच्या उतारावर चार दिवस शिकवलं. पहिल्या दिवशी मी रडले, दुसऱ्या दिवशी तो. इथपर्यंत आले ना? आटे रोज सकाळी घट्ट करते, ते डीलरनेच सांगितलं होतं, तू एकटाच शहाणा नाहीस.

मग डीलरकडे गेले. थोरला रेडबट या ट्रकला झेपणार नाही, तो विषयच संपला. ग्रेलॉक घेतला असता तर ट्रक ढकलत न्यावा लागला असता, पैशानेही आणि वजनानेही. राहिले दोन. धाकटा रेडबट, माझा, कडीवाला. आणि विंडल.

मी त्या माणसाला म्हटलं, माहितीपत्रक ठेव बाजूला. दोन्ही पाणी-गॅस भरून, बॅटरी लावून काट्यावर चढव, माझ्या डोळ्यांसमोर. तो कुरकुरला, पण चढवले. धाकटा रेडबट भरला २१३० पौंड. त्यात मी १५८. यावर एक अक्षर बोललास तर बघ. माझं सामान, गाद्या, कढई धरून २४०. बेरीज केली. ट्रकच्या आकड्यात बसतंय! आरामात बसतंय, वर ब्याऐंशी पौंड शिल्लक. डीलर म्हणाला, अभिनंदन बाई, हाच तुमचा कॅम्पर. पाचशे डॉलर यावर वळवू का?

मी त्या बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि बसले. बराच वेळ बसले. ब्याऐंशी पौंडांत तुझा एक पाय आणि टोपी बसली असती.

बाहेर आले आणि म्हटलं, विंडलवर वळव.

विंडल भरला १९६०. माझं आणि सामानाचं तेवढंच. शिल्लक २५२. तू कोट-बूट घालून १९० भरशील, गेल्या वर्षी मर्लच्या मातीला आलास तेव्हा खांदे उतरलेले होते, तरी जास्तच धरलंय. तू म्हणतोस, तू कशाच्या कामाचा? मला ते माहीत नाही. मी काम बघून धरलेलं नाही, वजन धरलंय, आणि ते धरूनच पैसे मोजलेत. तू आला नाहीस तर मी दारावरची कडी उगाच सोडली असं होईल, आणि ते मी तुला जन्मभर ऐकवेन.

दोन रात्री इथे नदीकाठी काढल्या. विंडल फडफडतो. पहिल्याच वाऱ्याला उठून बसले, तू म्हणालास तस्संच. उठवायला कुणी नव्हतं. आणि झाकणाची एक बादली घेतलीय, तिच्याबद्दल आपण कधीही बोलायचं नाही.

पोस्टातला माणूस म्हणतो, घाटाचा रस्ता उद्या दुपारी मोकळा करतात. मी आणखी दोन दिवस थांबते, बर्फावर वाळू टाकून होऊ दे, आणि हे पत्र माझ्या आधी पोहोचू दे. टाकी रिकामी केलीय. मंगळवारी दुपारपर्यंत दाराशी येते. दाब, सोड, दाब, सोड, हे मी डॅशबोर्डवर चिकटवलंय, तुझ्याच अक्षरातलं, पत्रातून कापून. डावीकडचं मी बघेन, तू उजवीकडचं बघ, आणि मधलं दोघांना दिसतंच.

हॅमिल्टनवाल्यांना कळव, जेवणाची घंटा दुसऱ्या कुणासाठी वाजवा. हॅस्कलचे आभार मान. आणि बॅग भरून ठेव, पण भरून झाली की तोलून बघ. तुला बासष्ट पौंड मिळतील, त्यावर एक पौंड नाही.

तुझी,
गार्नेट